माया

कोठावदे वहिनींनी मशीनवर चार ब्लाउज टाकले
आणि म्हणाल्या, दंडात घे. सैल होतात.
सैल हा शब्द त्या अशा बोलल्या
जसं कुणी सांगावं, मुलगी कलेक्टर झाली.

मग दाराला कडी घालून त्यांनी बाही वर सारली.
दंडाच्या मागच्या अंगाला ठिपके,
चौदा इकडे, चौदा तिकडे,
मधे पिवळे, कडेला जांभळे,
शरद सीडलेसला अर्धवट रंग चढतो तसे.
सुई बारीक असते गं, आग नंतर होते,
दोन दिवस दंड मळलेल्या कणकेसारखे,
मग म्हणे चरबी विरघळते आणि जाते.
कुठे जाते?
त्या जरा थांबल्या.
गोदावरीतच जात असेल, म्हणाल्या,
आणि आम्ही दोघी पदर तोंडाला लावून हसलो.

चार सिटिंग. कॉलेज रोड, तिसरा मजला.
लिफ्टमध्ये तिन्ही बाजूंनी आरसे.

मी वही काढली.
इंदिरानगरच्या बायकांची बावीस वर्षं
माझ्याकडे इंचांत आहेत.
कोठावदे, सौ. ज्योत्स्ना. दंडघेर:
लग्नानंतर साडेदहा.
दुसऱ्या बाळंतपणानंतर बारा.
सासूबाई अंथरुणाला खिळल्या ती तीन वर्षं, तेरा.
रोज उचलून कूस बदलायच्या त्यांची.
आता साडेबारा.
उसवता उसवता मनात आलं,
यातलं सासूबाईंना उचलणारं कोणतं
आणि नुसतंच साचलेलं कोणतं,
हे सुईला कसं कळलं असेल?

मी फार शहाणी आहे असं समजू नका.
दिवाळीच्या शिलाईचे पैसे रुमालात बांधून
मीही गेले. पोटासाठी.
डॉक्टर गायधनी माझ्या भाचीच्या वयाच्या.
भिंतीवर एका मांडीचा फोटो, संत्र्याच्या सालीसारखी,
शेजारी तीच मांडी, इस्त्री केलेली.
मांडी माझ्या वहीत नाही.
तिचं माप कुणी दिलं नाही, मी मागितलं नाही.

टेप लावून म्हणाल्या, अडतीस.
मग मला आडवं केलं
आणि पोटावर पांढऱ्या पेन्सिलीने चौकटी आखल्या.
खडूचा हात मी ओळखते. चांगला होता.
रेघ एकदाच, गिरवणं नाही.
मी विचारलं, माया किती सोडणार?
काय सोडणार?
शिवणीच्या आत ठेवतो ना आपण थोडं कापड,
उद्या अंग भरलं तर उसवायला...
त्या इंजेक्शन वर धरून हवा काढत होत्या.
म्हटलं, काही नाही. टोचा.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगावर टाचण्या लावल्या.
एखादी लागली की बायका स्स करतात,
मी म्हणते, झालं, झालं.
डॉक्टरही तेच म्हणाल्या.

महिन्याने घरी माझी टेप लावली. साडेसदतीस!
नवऱ्याला सांगितलं नाही.
नोट प्रेसमध्ये तीस वर्षं काढली त्याने,
एका अर्ध्या इंचाला किती पडले
हे त्याने तोंडी काढलं असतं.

पुढच्या आठवड्यात मेन रोडवरून नवी टेप आणली,
जुनीचे आकडे पुसत चालले होते म्हणून.
सहज कमरेला लावली.
अडतीस.
दोन्ही टेपा टेबलावर शेजारी शेजारी पसरल्या.
जुनी अर्ध्या इंचाने लांब.
बावीस वर्षं ओढून ओढून ताणली गेली होती.

म्हणजे अख्ख्या इंदिरानगरला
मी कधीपासून जरा बारीकच लिहीत आलेय.
कापडही तिनेच मोजलं,
म्हणून कुणाचा ब्लाउज बिघडला नाही.

वहिनींचे चारही ब्लाउज दंडात घेतले.
आतलं कापड कापलं नाही,
दुमडून टीप मारली.
नवी टेप खिशात असते.
जुनी खिळ्याला.
पण दारात चपला वाजल्या, कुणी आत येऊन
श्वास ओढून पोट आत घेतलं,
की हात आपला खिळ्याकडेच जातो.